मुंज्यांचा मामा

एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली ज्याने पाहिली आहे, त्याला झॉम्बी प्रोसेस म्हणजे काय हे सांगायला मला दोन मिनिटं पुरतात. गाडी फलाटाला लागलेली असते. आत दहाबारा जागांवर रुमाल, एकीवर पिशवी, एकीवर कुणाची तरी टोपी. माणूस कुठंच नाही. रुमालाला वजन नाही, त्याच्यामुळं डिझेल जास्त लागत नाही, पण जागा अडलेली असते आणि कंडक्टर दारातून सांगत असतो की गाडी भरली. आता समजा, रुमालाचा मालक मधल्या वेळात जीपने निघून गेला. रुमाल उचलायचा कुणी? दुसरा कुणी हात लावत नाही, कारण भांडण होतं. तो रुमाल म्हणजे झॉम्बी.

मी हे शिकले ते पैठण रोडवर, चितेगावच्या एका कारखान्यात. आम्ही पाण्याचे पाइप करत होतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. शहराच्या चारी बाजूंना शेड उभ्या राहत होत्या आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एमआयडीसीतल्या प्लॉटचे भाव होते. आमच्या मालकांनी मोठ्या हौसेने युनिक्सवर चालणारं एक यंत्र घेतलं. त्याला आठ टर्मिनल जोडलेले होते. स्टोअर, पगार, खरेदी, माल रवाना करणारा विभाग, सगळे आपापल्या जागी बसून त्या एकाच यंत्रावर काम करायचे. यंत्राची खोली थंड होती आणि आत येताना चपला बाहेर काढाव्या लागत, त्यामुळं कारखान्यातले लोक तिला देवघर म्हणायचे. त्या देवघरात मी ऑपरेटर होते. बी.कॉम. झालेली, वर सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स. आकडा जुळल्याशिवाय मला घास जात नाही, असं घरचे आजही चेष्टेनं सांगतात, आणि त्यात खोटं काही नाही.

यंत्रात एका वेळी शंभर कामं, म्हणजे प्रोसेस, चालू शकायची. म्हणजे शंभर जागांची गाडी. एखादं काम दुसऱ्या कामाला जन्म देतं. इंग्रजी पुस्तकात त्यांना पालक आणि मूल म्हटलेलं होतं, आम्ही बाप आणि पोर म्हणायचो. पोराचं काम संपलं की त्याने बापाला सांगायचं, झालं, असं असं झालं. बापाने ते ऐकून घेतलं की पोराची जागा मोकळी. बापाने ऐकलंच नाही तर पोर मेलेलं असूनही त्याचा नंबर तक्त्यात तसाच राहतो. पडद्यावर त्याच्यापुढं ‘डिफंक्ट’ असा शब्द यायचा. हा शब्द आमच्याकडं कुणाच्या तोंडात बसेना. मग रवानगीतल्या चाचांनी त्यांचं नाव मुंजे ठेवलं. पिंपळावर बसलेला मुंजा जसा ना इकडचा ना तिकडचा, तसे हे.

चाचा रवानगी विभागाचे हेडक्लार्क. पन्नाशीचे, शहागंजात राहणारे, अक्षर असं की जुने हाताने लिहिलेले गेटपास लोक फाडायला कचरत. यंत्र आल्यावर हाताचे पास बंद झाले. त्याला कारण होतं; मधल्या काळात दोनदा खोट्या पासवर माल बाहेर गेला होता. तेव्हापासून वर्क्स मॅनेजरांचा हुकूम असा की यंत्राने छापलेल्या पासाशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही, आणि गेटपासचा प्रोग्रॅम दिवसा कुणीही बंद करणार नाही. हा दुसरा हुकूम टाइप करून चाचांच्या टर्मिनलवर चिकटवला होता. चाचांनी त्याच्या कोपऱ्यात पेनाने एक छोटा गुलाब काढला होता.

चाचा सकाळी आले की तो प्रोग्रॅम चालू करायचे आणि संध्याकाळी जाताना बंद करायचे. दिवसभरात जितक्या गाड्या तितके पास. रोजच्या पस्तीस-चाळीस गाड्यांत आमचं सगळं सुरळीत चाले. महिनाअखेरीला गाड्या वाढल्या की मात्र एखाद्या दुपारी सगळे टर्मिनल एकदम मुके व्हायचे आणि पडद्यावर इंग्रजीत येई की आता आणखी कामं घेता येत नाहीत. मी तक्ता काढून बघे तर मुंजेच मुंजे. मी एकेकाला मारायची आज्ञा देई. साधी आज्ञा देई, मग कडक आज्ञा देई, तिच्यात नऊ आकडा असतो आणि ती कुणालाच चुकवता येत नाही. मुंजे जागचे हलत नसत. मग नाइलाजाने अख्खं यंत्र बंद करून परत चालू करायचं. त्यात पाऊण तास जाई, लोकांच्या अर्ध्या भरलेल्या नोंदी जात, आणि दिवसभर मला टोमणे ऐकावे लागत.

“काय बेटा, मेलेल्याला किती वेळा मारशील,” चाचा म्हणायचे. “त्याला काय, तो आरामात बसलाय.”

ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाचं नाव बदलावं की बदलू नये यावर गाव उभं चिरलेलं होतं. आमच्या घरात ते बदलावं यावर दुमत नव्हतं. धाकट्या भावाचं कॉलेजचं एक वर्ष मोर्च्यांत गेलं होतं. आई म्हणायची, वर्ष जाऊ दे, पोरगा राहू दे. कारखान्यात दोन्ही मतांचे लोक होते आणि डब्याच्या वेळी टेबलं आपोआप वेगळी झाली होती. चाचा दोन्ही टेबलांवर बसत. बाहेर एका नावासाठी माणसं खरोखर मरत होती, त्यामुळं ऑफिसात मी ‘मारला’, ‘मेला’ हे शब्द जपून वापरायची. पण यंत्राची भाषाच तशी होती, त्याला इलाज नव्हता. पुढं याच भाषेने आमची फजिती केली.

एका दिवशी सकाळीच कळलं की उद्या बंद आहे. बंद कुणाच्या बाजूचा, हे त्या काळात फारसं विचारत नसत; काच दोन्हींत फुटायची. वर्क्स मॅनेजर मुंबईला गेलेले. मग ज्याला त्याला वाटू लागलं की आपला माल आजच बाहेर पडावा. अंधार पडला की नाक्यानाक्यांवर दगड सुरू होतात, तेव्हा उजेडात शहर ओलांडलं पाहिजे. सकाळपासून फाटकाच्या आत गाड्यांची रांग लागली. चाचा खिडकीत बसून पासावर पास छापत होते. जेवायलाही उठले नाहीत.

दुपारी दोनच्या सुमारास सगळे टर्मिनल मुके झाले.

मी तक्ता काढला. सगळं भरलं तरी शेवटची एक जागा यंत्र कुणाला देत नाही, ती मुख्य टर्मिनलसाठी राखीव असते, एस.टी.त आमदारांची सीट असते तशी. त्या एका जागेच्या जोरावर मला निदान बघता येत होतं. गेटपासची एकाहत्तर पोरं होती. त्यातली सत्तर मेलेली. एकाहत्तरावं जिवंत होतं, प्रिंटरचा कागद संपल्यामुळं अर्धा पास छापून खोळंबलेलं. बाकी जागा इतर विभागांच्या कामांनी धरलेल्या. बेरीज बरोबर शंभर. दर महिनाअखेरीला मी नुसती चिडत होते. त्या दिवशी पहिल्यांदा नीट बेरीज केली आणि माझ्या लक्षात आलं की सगळ्या मुंज्यांचा बाप एकच आहे. चाचांचा गेटपास. तो सकाळपासून पासागणिक एक पोर जन्माला घालत होता आणि एकाचीही खबर घेत नव्हता. रोज चाचा संध्याकाळी घरी जाताना त्याला बंद करतात, म्हणून रोजचं कुणाला कळत नव्हतं.

प्रोग्रॅम लिहिणारे लोक पुण्याचे. त्यांना फोन लावला तर लाइन मिळेना. बंदच्या आदल्या दिवशी सगळं गाव बाहेरगावी फोन करत असतं. मी पुस्तक काढून बसले. इतक्यात चाचा दारात चपला काढून आत आले.

“बेटा, फिर वही?”

“तेच. सत्तर बसलेत.”

“मग कर ना बंद-चालू.”

“पाऊण तास जाईल, चाचा. पगारवाल्यांच्या सगळ्या नोंदी जातील. आणि असंच चाललं तर मुंजे परत जमतील. मला सापडलंय काय ते. पोरांना मारून उपयोग नाही. बापाला मारलं पाहिजे.”

“कुणाच्या बापाला?”

“तुमच्या. म्हणजे तुमच्या खिडकीवरच्या. आज दुपारीच मारला पाहिजे, संध्याकाळची वाट बघून चालणार नाही.”

चाचांनी दाढीवरून हात फिरवला. “वरचा हुकूम चिकटवलाय माझ्या तोंडासमोर. अन् बाप मेल्यावर पोरांचं काय?”

“अनाथ होतील. पुस्तकात तसंच लिहिलंय, अनाथ.”

“सत्तर मेलेले, ठीक आहे. पण एक जिवंत आहे म्हणतेस. त्याचं काय? जालन्याच्या गाडीचा पास आहे तो, अर्धा प्रिंटरमध्ये लटकलाय.”

“तोच प्रश्न आहे,” मी म्हटलं. “बापाबरोबर तोही गेला तर?”

दाराशी कुणीतरी खाकरलं. एक ड्रायव्हर उभा होता. चाळिशीचा, डोक्याला तांबडा पटका, पायातले जोडे हातात. खिडकीत चाचा नाहीत म्हणून त्यांना शोधत आला होता, आणि देवघरात चपला घालून यायचं नाही एवढं त्याला कुणीतरी सांगितलेलं होतं. तो कधीपासून उभा होता कोण जाणे. तोंडावरचा रंग मात्र उडालेला.

“बाई,” तो हळू आवाजात म्हणाला, “उद्याच्यासाठी काय ठरलंय का? मी कुणाला बोलनार नाय. आमी रस्त्यानं जानारी मान्सं. कंच्या गावात काय व्हनार हाय येवढं कळलं तर तिकडनं जात नाय आमी.”

आधी आम्हाला कळेना. मग चाचांना कळलं, आणि ते खुर्चीत बसून असे हसले की त्यांची टोपी मांडीवर पडली.

“अरे बाबा, मशीनमधला बाप. मशीनमधला.”

“मशिनीत बाप?”

“बाप आहे, पोरं आहेत, सगळं खानदान आहे. सत्तर पोरं मेलीत अन् जागा अडवून बसलीत, म्हणून तुझा पास निघत नाही. ही म्हणते बापाला मारू. मी म्हणतो, मारलं तर जिवंत पोरगं अनाथ होईल.”

ड्रायव्हरला हसू आलं नाही. उलट तो थोडा चिडलाच.

“अनाथ कसं व्हईल? मामा मेलाय का त्याचा?”

चाचांनी मांडीवरची टोपी उचलून डोक्यावर ठेवली.

“माजी भाची हाय,” तो म्हणाला. “पाळन्यात होती तवा तिचा बाप गेला. बहीन अन् पोरगी दोघीला मी घरी आनलं. मेंढरं राखत होतो तवा. पुढं मेंढरं इकली, गाडी शिकलो. आजवर गावात कुनाची छाती झाली नाय तिला अनाथ म्हनायची. उद्या लगीन हाय तिचं. कन्नडच्या पुढं, घाटाच्या वरल्या अंगाला गाव हाय आमचं. माल धुळ्याचा, जाताना गाडी गावात उभी करनार हाय मी. मामाची पिवळी साडी काल औरंगपुऱ्यात घेतली, ती केबिनीत हाय. ती नेसल्याबिगर पोरगी बोहल्यावर येत नाय, अन् तिला बोहल्यावर मलाच न्यावं लागतं. बारापासनं रांगेत हाय मी. पास द्या म्हंजे जातो.”

“एस.टी.ने का नाही जात?” चाचांनी विचारलं.

“एश्ट्या दुपारच्या आतच डेपोत लागल्या की. अन् भरली गाडी टाकून गेलो तर मालक काय हार घालनार हाय का?”

कन्नड तिथून लांब. भरल्या पाइपाच्या गाडीला शहर ओलांडून तिथवर जायला तीन तास तरी हवेत. घड्याळात अडीच वाजून गेले होते. त्याने साडेतीनला फाटक सोडलं नाही तर कन्नडचा नाका अंधारात लागणार, हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

त्याचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात अडकला. मी पुस्तकात ‘अनाथ’ या शब्दापाशी थांबले होते. आपल्याकडं तो शब्द आला की पुढं वाचायचं काही उरत नाही, असंच मला वाटलं असावं. मामा आहे का, हे मी बघितलंच नव्हतं. पान परत काढलं. पुढचंच वाक्य होतं. ज्या पोरांचा बाप जातो ती सगळी एक नंबरच्या प्रोसेसकडं जातात. यंत्र सुरू होताना हा एक नंबर सगळ्यांत आधी उठतो आणि यंत्र बंद होईपर्यंत मरत नाही. आलेल्या प्रत्येक पोराला तो आपलं म्हणतो. जिवंत असेल त्याचं काम चालू राहतं. मेलेलं असेल त्याची खबर तो ऐकून घेतो आणि त्याला मोकळं करतो.

मी ते चाचांना मराठीत वाचून दाखवलं.

“आहे म्हणते,” चाचा ड्रायव्हरला म्हणाले. “मामा आहे.”

“आसनारच की,” ड्रायव्हर म्हणाला.

आता प्रश्न हुकुमाचा. मुंबईला फोन लागत नव्हता. मी म्हटलं, मी माझ्या नावाने लिहून ठेवते की प्रोग्रॅम मी बंद केला. चाचा म्हणाले, माझंही नाव घाल, गुलाबासकट. आम्ही दोघांनी सही केली. मग मी मुख्य टर्मिनलवर बापाचा नंबर घातला. नऊ आकड्याची कडक आज्ञा दिली नाही, साधीच दिली. जाताना त्याला आवरासावर करायला वेळ मिळावा म्हणून. कळ दाबली. तक्ता परत मागवला.

सत्तर ओळी नव्हत्या. आधी मला वाटलं पडदाच अर्धा आला आहे. परत मागवला. खरोखर नव्हत्या. इतके महिने ज्यांना मी एकेक करून मारत होते, ते क्षणात गेले होते. एकाहत्तरावा मात्र होता, आणि त्याच्यापुढं बापाचा नंबर जिथं असतो तिथं आता ‘एक’ हा नंबर होता. चाचा धावत प्रिंटरपाशी गेले, नवा कागद लावला, आणि लटकलेला पास खरखर करत पुरा छापून बाहेर आला. जालन्याची गाडी. चाचांनी तो वर धरून आम्हाला दाखवला.

ड्रायव्हरला त्यात काही विशेष वाटलं नाही. “आता माजा,” तो म्हणाला.

प्रोग्रॅम परत चालू झाला, त्याचा पास निघाला, तो धावत गाडीकडं गेला. मी पाणी पिते तोवर फाटकावरून निरोप आला की गाडी अडवली आहे.

फाटकावर मेजर होते. फौजेतून निवृत्त झालेल्या वॉचमनला आमच्याकडं सगळे मेजरच म्हणतात. हे फार काटेकोर गृहस्थ, आणि खरं सांगायचं तर त्यामुळंच मला आवडायचे. मी उन्हातून चालत फाटकावर गेले. ड्रायव्हर केबिनमध्ये बसलेला, इंजिन चालू, हाताशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली साडी.

“मॅडम,” मेजर म्हणाले, “आधीचा पास एकाहत्तर. हा त्र्याऐंशी. मधले अकरा कुठं गेले?”

मला लगेच कळलं. टर्मिनल मुका झाल्यावर चाचा थांबले नव्हते. वाट बघून बघून पासाची कळ दाबत राहिले होते. दर वेळी यंत्राने नंबर दिला, पण छापायला पोर जन्मालाच येईना, कारण जागा नव्हती. नंबर फुकट गेले.

“ते छापलेच गेले नाहीत, मेजर.”

“छापले नाहीत तर नंबर का दिले?”

“यंत्राने दिले.”

“यंत्र सही करेल का इथं? अकरा गाड्या माझ्या डोळ्यांदेखत बाहेर गेल्या असं उद्या कुणी म्हणालं तर मी काय सांगू?”

त्यांच्या जागी मी असते तर हेच विचारलं असतं. मी म्हटलं, तुमच्या वहीत मी सही करते, बहात्तर ते ब्याऐंशी रद्द. मी एक मोठा महिरपी कंस काढायला लागले, तर त्यांनी पेन धरलं.

“असं नाही चालत. एकेक. प्रत्येकासमोर रद्द, प्रत्येकासमोर सही, प्रत्येकासमोर वेळ.”

मी एकेक लिहायला घेतलं. ड्रायव्हर वरून बघत होता. सात-आठ झाल्या असतील.

“बाई,” तो म्हणाला, “येवढ्या सह्यांत तर दोन लग्नं लागली आसती.”

“गप बस,” मेजर म्हणाले. “फौजेत असतास तर कळलं असतं.”

“फौजेत आसतो तर सुट्टी तरी मिळाली आसती की.”

अकरावी सही झाली तेव्हा साडेतीनला थोडी मिनिटं होती. मेजरनी पास घेतला, वाचला, उलटा करून पाहिला, आणि आडवा बांबू वर केला. गाडी पैठण रोडला लागली. मागं धुळीशिवाय काही दिसेना, तरी मी आणि मेजर थोडा वेळ तिकडंच बघत होतो.

बंद एक दिवसाचा म्हणाले होते, तो लांबला. कारखाना मधले दिवस बंद राहिला. आम्ही उस्मानपुऱ्यात घरात बसून होतो. भाऊ बाहेर होता, आई दर अर्ध्या तासाने दार उघडून बघत होती. वडील रेडिओला कान लावून. बातम्यांत कुठं ट्रक जाळला म्हणाले की मी विचारायची, कुठला रस्ता. वडील म्हणाले, तुझा काय ट्रक आहे का त्यात. मी म्हटलं, पाइपाचा आहे. त्यांना वाटलं मला कंपनीच्या मालाची काळजी आहे, आणि मी इमानदार नोकर आहे म्हणून त्यांना बरं वाटलं. भाऊ तिसऱ्या दिवशी धडधाकट घरी आला आणि भाकरी खाऊन जो झोपला तो दुसऱ्या दिवशी उठला.

कारखाना उघडल्यावर वर्क्स मॅनेजरांनी मला बोलावलं. हुकूम मोडल्याबद्दल पाच मिनिटं बोलले आणि मग, हे परत कसं करायचं ते लिहून दे, म्हणाले. पुण्याच्या लोकांनी पुढं दुरुस्ती करून पाठवली. पोराला जन्म दिल्यावर त्याची वाट बघायची, एवढीच एक ओळ त्यात जास्तीची होती. ती येईपर्यंत आम्ही रोज डब्याच्या सुट्टीत बापाला बंद करून परत चालू करायचो. चाचा त्याला नमाजची सुट्टी म्हणायचे.

ड्रायव्हर मात्र दिसेना. त्या मालकाच्या दुसऱ्या गाड्या आल्या, त्यांच्या ड्रायव्हरांना विचारलं तर म्हणाले, धुळ्याला माल उतरला, आम्हाला एवढंच ठाऊक. मला त्याचं गाव माहीत होतं, नाव माहीत नव्हतं. पासावर गाडीचा नंबर असायचा, ड्रायव्हरचं नाव नसायचं.

आठवडा उलटून गेल्यावर एका सकाळी चाचांनी देवघराच्या काचेवर टकटक केली. बाहेर खिडकीपाशी तो उभा होता, तांबडा पटका, या वेळी नवा.

“पोचलात?” मी विचारलं.

“पोचलो की. कन्नडचा नाका उजेडात गाठला. घरी गेलो तवा चुली पेटल्या व्हत्या. मी पोचलो, पर नवरदेव नाय पोचला.”

“म्हणजे?”

“पावनं वैजापूरकडलं. रस्त्यात टायरं जाळली, झाडं आडवी टाकली. वऱ्हाड निम्म्यातनं माघारी. आन हिकडं पोरगी साडी नेसून, मुंडावळ्या बांधून बसलेली. मूर्त टळला. चार बायका कुजबुजाया लागल्या. मी म्हनलं, ज्याला घाई आसंल त्यानं घरी जावं, मामा हितंच हाय. पर सैपाक तर झालेला. बुंदी, वरन, भात, दीडशे पान. टाकून द्यायचं का? मंग घातली पंगत.”

“लग्नाआधी?” चाचा म्हणाले.

“तर वो. लोकं जेवून, पान खाऊन, आहेर टिपून गेली. लगीन दुसऱ्या दिवशी. नवरदेव आला दुपारी, संगं सहा मान्सं, तीन सायकली अन् एक ट्रॅक्टर. ट्रॅक्टर आडवी झाडं बाजूला कराया आनला व्हता. अक्षता टाकाया घरचीच मान्सं. नवरदेवाला शिळी बुंदी.”

“काही बोलला का तो?”

“काय बोलंल? खाल्ली. वर मागून घेतली. तवाच मी म्हनलं, पोरगी बऱ्या घरात पडली.”

चाचांनी कळ दाबली. प्रिंटर सुरू झाला. पास छापून होईपर्यंत ड्रायव्हर खिडकीच्या लाकडावर कोपर टेकून उभा राहिला.

“अन् जाताना रडली असेल पोरगी,” चाचा म्हणाले.

“ती कशाला रडंल. ट्रॅक्टरवर बसून गेली, हसत.” त्याने पटक्याचं टोक सारखं केलं. “रडलो मीच.”

चाचांनी पास फाडून त्याच्या हातात दिला, नंबर मोठ्याने वाचून दाखवला, आणि पुढच्या गाडीवाल्याला हाक मारली.